मुंबई ते लंडन: विमानाचं अंतर आणि वेळ मोजताना या चुका टाळा

काकू एप्रिलमध्ये लंडनला निघाल्या, तेव्हा भावाला वेळ कळवण्याचं काम माझ्याकडे होतं. मुंबईहून दुपारी १ ला उड्डाण, १० तासांचा प्रवास, म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे ११. त्यातून साडेपाच तास वजा केले आणि त्याला सांगितलं, साडेपाचला हीथ्रो विमानतळावर ये. विमान आलं साडेसहाला. बिचारा तासभर ताटकळला, पार्किंगचा भुर्दंड वेगळा. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात, हे मी विसरलो होतो. उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा, हिवाळ्यात साडेपाचचा. खरं तर हिशेबाची गरजच नव्हती. तिकिटावर उतरण्याची वेळ तिथलीच छापलेली असते.

याच्या उलट चूक म्हणजे तिकिटावरच्या दोन वेळांची सरळ वजाबाकी. १ ला सुटून साडेसहाला पोहोचतं, म्हणजे साडेपाच तासांत लंडन! परतीच्या तिकिटावर रात्री साडेआठ आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे १० दिसले, की हीच मंडळी साडेतेरा तास म्हणून धास्तावतात. आधी दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणा, मगच वजा करा. जाताना १० तास, येताना ९.

मग येताना तासभर कमी का? वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. मुंबईकडे येताना ते पाठीशी असतात, जाताना तोंडावर. म्हणून ‘अंतर भागिले वेग’ हे शाळेतलं गणित इथे फसतं. ७,२०० किलोमीटरला ताशी ९०० चा वेग धरला तर ८ तास येतात. पण तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे रांगत जाणं, हीथ्रोवर गर्दी असली की उतरण्याआधी आकाशात घिरट्या, सगळं त्यात धरलेलं असतं.

अंतराचा आकडा पाहताना एकक बघा. ७,२०० किलोमीटर म्हणजे साधारण ४,४७५ मैल, पण सागरी मैल (साध्या मैलापेक्षा मोठा, सुमारे १.८५ किलोमीटरचा) मात्र ३,८९० च्या आसपास. वैमानिकांचा व्यवहार सागरी मैलांत चालतो. तो आकडा साधा मैल समजून किलोमीटर काढले, तर जवळजवळ हजार किलोमीटर गायब होतात.

नकाशावर पट्टी ठेवू नका. भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ तुर्कस्तान-सीरियाच्या सीमेजवळून जाते. पृथ्वी गोल असल्याने खरा जवळचा रस्ता बराच उत्तरेकडून, कॉकेशसवरून (कॅस्पियन आणि काळा समुद्र यांच्यामधला डोंगराळ भाग) आणि पुढे युक्रेनवरून जातो. (गोलावर दोरा ताणून बघा, मुलांनाही मजा वाटते.) तरीही विमान त्या रस्त्याने जाईलच असं नाही. युक्रेनची हवाई हद्द फेब्रुवारी २०२२ मध्ये नागरी विमानांना बंद झाली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय विमानांना मनाई केली, पण त्याचा फटका मुंबईपेक्षा दिल्लीहून सुटणाऱ्यांना जास्त बसला. म्हणून जुन्या प्रवासाच्या आठवणीवर विसंबू नका, आजच्या वेळापत्रकातला वेळ धरा.

मध्ये विमान बदलायचं असेल, तर तिकिटावरच्या एकूण वेळेत थांबाही धरलेला असतो. आणि ‘मुंबई’ शोधताना कोणता विमानतळ निवडलाय ते तपासा, आता नवी मुंबईचाही आहे.