जुन्या घराची जागा आधी कागदावर शोधा, मग डिटेक्टर उचला

मेटल डिटेक्टर हातात आला की समोर दिसेल त्या मोकळ्या रानात घुसावंसं वाटतं. दिवसभर कॉइल (यंत्राच्या दांड्याच्या टोकाची चकती) फिरवली की पिशवीत जमतात बाटल्यांची झाकणं आणि ट्रॅक्टरचे गंजके बोल्ट. नाणी, बटणं, किल्ल्या पडतात त्या माणसांचा राबता असतो तिथेच. म्हणून पडून गेलेलं, नकाशावरून पुसलेलं घर शोधायचं. त्यातलं निम्मं काम घरबसल्या होतं, आणि माझ्या मते तेच जास्त मजेचं.

१. दोन काळांचे नकाशे शेजारी ठेवा

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे १८८४ पासूनचे नकाशे ऑनलाइन फुकट मिळतात. त्यांवर घर म्हणजे छोटासा काळा चौकोन. ब्रिटनसाठी नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या नकाशा संस्थेचा जुना नकाशा आणि आजचं उपग्रहचित्र शेजारी शेजारी उघडता येतं. इतर देशांत भूमापन किंवा अभिलेख खात्याकडे चौकशी करा. जुन्या नकाशावर चौकोन आहे आणि आज तिथे नुसतं गवत आहे, अशी जागा टिपून ठेवा. शक्य झाल्यास मधल्या वर्षांच्याही आवृत्त्या पाहा. घर साधारण कधी नाहीसं झालं ते त्यातून कळतं.

जुन्या नकाशावर डोळे मिटून विश्वास मात्र ठेवू नका. चौकोन प्रत्यक्ष जागेपासून बराच सरकलेला असू शकतो. पूल, चौरस्ता, प्रार्थनास्थळ अशा न हललेल्या दोन-तीन खुणा धरून अंतर मोजा आणि बिंदूऐवजी एक वर्तुळ आखा.

२. वरून पाहा

लिडारमध्ये विमानातून सोडलेले लेझरचे झोत जमिनीची उंचसखलता टिपतात. संगणकावर झाडं काढून टाकली की गर्द रानाखालचं जोतं, तळघराचा खड्डा, बुजलेली गाडीवाट दिसू लागते. इंग्लंड आणि अमेरिकेत ही माहिती बऱ्याच भागांसाठी खुली आहे. ती नसेल तर जुनी हवाई छायाचित्रं पाहा, त्यातही कोरड्या उन्हाळ्यातली. पुरलेल्या भिंतीवर मातीचा थर पातळ असल्याने पीक तिथे आधी पिवळं पडतं. बुजलेल्या खड्ड्यावर ते जास्त वेळ हिरवं राहतं.

३. माणसांना विचारा

दस्त, शिरगणतीच्या याद्या, जुन्या वर्तमानपत्रांतल्या आगीच्या बातम्या चाळा. पण एखादी आजी तासाभरात सांगेल ते कागदांत सापडेलच असं नाही. "इथे जुनं घर होतं का?" असं विचारलं तर बहुधा "काय माहीत" असंच ऐकायला मिळतं. त्यापेक्षा "पाणी कुठून आणायचात? शाळेला कुठल्या वाटेने जायचात?" असं विचारा. वाट आठवली की वाटेवरची घरं आपोआप आठवतात.

४. परवानगी

जमीनमालकाची परवानगी लेखी घ्या. संरक्षित पुरातत्त्वस्थळाकडे यंत्र घेऊन फिरकूही नका. कायदा देशागणिक बदलतो. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा आहे: जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्यानुसार 'ट्रेझर' (कायद्याच्या व्याख्येतला खजिना) ठरू शकणारा ऐवज १४ दिवसांत कळवायचा असतो.

५. जागेवर आधी यंत्र बंद

रानात भलत्याच जातीची झाडं, तीही रांगेत, म्हणजे कोणीतरी हाताने लावलेली. डॅफोडिल आणि लायलॅक घर पडून गेल्यावरही वर्षानुवर्षं फुलत राहतात. घडीव दगड, विटांचे तुकडे, काचा, कपबशीच्या खापऱ्या, राखेने काळवंडलेली माती शोधा. पाय जपून टाका: जुन्या विहिरीवरच्या फळ्या कुजलेल्या असतात आणि वर गवत माजलेलं असतं.

६. आता कॉइल

सुरुवातीला यंत्रावर लोखंडाचे आवाज गाळून टाकू नका. नवखे लोक खिळ्यांच्या कुरकुरीला वैतागतात, पण खिळ्यांचा दाट पट्टा लागला म्हणजे घर इथेच होतं. एक खिळा उकरून माती पुसा. पाश्चात्य देशांत चौकोनी छेदाचे खिळे साधारण १८९० च्या दशकापर्यंत सर्रास होते, मग तारेचे गोल खिळे आले. त्यामुळे गंजला तरी तो खिळा घराच्या वयाचा अंदाज देतो.

त्या पट्ट्यात छोटी कॉइल लावून अगदी सावकाश चाला. मोठी कॉइल खिळ्याशेजारच्या नाण्याचा आवाज गिळून टाकते. तरीही माझा भर घराच्या पायापेक्षा अंगणावर असतो. दारापासून विहिरीपर्यंतची वाट, फाटकाच्या दोन्ही बाजू, कपडे वाळत घालायची जागा, मोठ्या झाडाची सावली इथे माणसं वाकतात, बसतात, खिसे रिकामे होतात. दोरी आखून आधी उभं आणि मग आडवं फिरा. गवताचा गड्डा एका बाजूने जोडलेला ठेवूनच उलटा, आणि खड्डा बुजवण्याआधी निघालेल्या वस्तूची जागा जीपीएसवर नोंदवा. चार-पाच नोंदी एका रेषेत आल्या की बुजलेली वाट सापडली. पुढचा शोध तिच्याच कडेने चालू ठेवा.