बेळगावातून जाऊन थंडीत समुद्राच्या तळाचे मासे कसे गरवायचे

आपल्याकडं गळ टाकणाऱ्यांची कमी नाही. हिडकल डॅमला, मार्कंडेयच्या काठाला, खानापूर भागात मलप्रभेवर रविवारी कोण ना कोण बसलेलं असतंच आणि त्यातला प्रत्येकजण कधीतरी म्हणतो की एकदा समुद्रात जायचंय. डिसेंबर लागला की मला हेच विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. हे छोट्या होडीतून किनाऱ्यापासून पाच-दहा किलोमीटर आत जाऊन, १५ ते २५ मीटर पाण्यात, खडपाजवळ, म्हणजे पाण्याखालच्या खडकाजवळ, तळाला शिसं (दोरीच्या टोकाचं वजन) टेकवून मासे धरायचं काम आहे. सुरमईच्या मागं होडी पळवत फिरायचं ते वेगळं, त्याबद्दल इथं काही नाही.

डॅमवर बसणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी एक सवय मोडावी लागते. तिथं आपण पाण्यावर तरंगणारं बूच बघत बसतो, ते बुडालं की हिसका. समुद्रात बघायला काहीच नाही, सगळं बोटाला कळतं. तर्जनीवर दोरी, दोरीच्या टोकाला वीस मीटर खाली शिसं, आणि ते वाळूवर आहे का खडपावर, मासा नुसता टोचतोय का घेऊन चाललाय, हे त्या एका बोटाला कळायला लागलं की अर्धं काम झालं. बाकी सामान, आमिष, वेळ, हे सगळं त्या बोटाला नीट कळावं म्हणूनच.

आधी दिवस कुठला धरायचा ते. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर मशीनच्या होड्यांना मासेमारी बंदच असते, नंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळाची भीती, म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ मला बरा वाटतो. पाणी निवळलेलं असतं, पहाटे जमिनीवरनं समुद्राकडं मतलई वारा असतो आणि पाणी एकदम सपाट. पण नुसता महिना बघून चालत नाही, तिथी बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाण्याला ओढ एवढी की शिसं तळाला ठरतच नाही, दोरी तिरकी होऊन लांब जाते आणि बोटाला काय कळत नाही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, ओढ कमी, नवीन माणसाला हेच दिवस. भरतीच्या वेळेचा कोकणातला जुना हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाचे पाऊण म्हणजे सहा, सकाळी सहाला भरती, बाराच्या सुमाराला ओहोटी पूर्ण, म्हणजे सकाळभर पाणी हळूहळू बाहेर चाललेलं, याच्यापेक्षा चांगलं काय पाहिजे. पौर्णिमेनंतर परत प्रतिपदेपासून मोजायचं. गावागावाप्रमाणं वेळ थोडी पुढंमागं होते, त्यामुळं मोबाईलवर त्या बंदराचं टायमिंग पण बघून घ्या.

जायचं कुठं? आपल्याला सरळ रस्ता वेंगुर्ल्याचा. शिनोळी, चंदगड फाटा, आंबोली, सावंतवाडी करत साधारण सव्वाशे किलोमीटर. निपाणी-संकेश्वरवाल्यांनी गडहिंग्लज-आजऱ्यावरनं आंबोलीला यायचं. रात्री दोनला उठून गाडी मारत जाऊ असं बरेच जण ठरवतात, मी म्हणतो नको. पहाटे घाटात धुकं असतं, आणि झोप नसलेला माणूस होडीत बसला की तासाभरात उलट्या सुरू. आदल्या दिवशी दुपारी निघा, रात्री तिथंच मुक्काम करा, जेवण हलकं, दारू अजिबात नको, नऊला झोपा.

होडी आधी ठरवून ठेवायची, आणि माणूस बघून ठरवायची. फायबरची होडी, मागं आऊटबोर्ड मशीन, दोघं खलाशी आणि तुम्ही तिघं-चौघं, याच्यावर एक माणूस घेऊ नका. फोनवरच विचारा, पर्यटक न्यायचा परवाना आहे का, लाईफ जॅकेट किती आहेत, मशीन बंद पडलं तर वल्ही किंवा दुसरं मशीन आहे का. विचारायला लाजू नका, चांगला तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, या प्रश्नाला रागावत नाही. आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवा, समुद्रात पोलीस विचारतात. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, दोन्ही फोनमध्ये आणि घरच्यांकडं असू देत, आणि कुठल्या होडीतनं जाताय, किती वाजता परत येणार, हे किनाऱ्यावर एकाला तरी सांगून जा. मालवणला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, तिथं १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचा गाभा भाग मासेमारीला बंद आहे. कोण म्हणालं चला तिकडं लई मासा आहे, तर नाही म्हणायचं. वेंगुर्ला रॉक्स, म्हणजे निवतीच्या समोर आत समुद्रात दीपगृह असलेले खडक, त्यावर उतरायचं नाही, तिथल्या गुहांत पाकोळी पक्ष्यांची घरटी आहेत.

आता सामान. रॉड असला तर घ्या, पण पहिल्या खेपेला मी हातदोरच सांगतो. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, ०.७ मिलिमीटरचा, शंभर मीटर, लाकडी किंवा प्लास्टिकच्या फिरकीवर गुंडाळलेला. टोकाला स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), त्याच्याखाली मीटरभर जाड तंगूस, त्यावर दोन फांद्या काढायच्या वीतभर लांबीच्या, एकीपासून दुसरी हातभर लांब, म्हणजे दोन्ही गऱ्या, गळाचे आकडे, एकमेकीत गुंतत नाहीत. सगळ्यात खाली शिसं. आणि इथंच नवीन लोक चुकतात, शिसं त्याच जाड तंगुसाला बांधतात. शिशाला वीतभर बारीक तंगूस लावा, ०.३५ किंवा ०.४ चा. खडपात शिसं अडकणारच आहे, दिवसात पाच-सहा वेळा अडकतं, तेव्हा ओढलं की बारीक तुटतं, फक्त शिसं जातं आणि गऱ्या वर येतात. नाहीतर प्रत्येक वेळी सगळाच जुगाड परत बांधत बसायचं, आणि हलत्या होडीत खाली मान घालून गाठी मारणं म्हणजे उलटीला आमंत्रण. त्यामुळं असे आठ-दहा सेट घरीच बांधून पुठ्ठ्यावर गुंडाळून न्या. शिसं भांगाला १०० ग्रॅम पुरतं, उधाण जवळ असलं तर २०० पर्यंतची न्या. गरी लहान माशांना ६ किंवा ८ नंबर, तांबोशी-गोबऱ्यासारख्या मोठ्या माशांना २/० ते ४/०. आत वळलेली सर्कल गरी मिळाली तर तीच घ्या, मासा ती गिळत नाही, ओठाच्या कोपऱ्यात लागते, लहान मासा सोडायला बरं पडतं.

आमिष म्हणजे कोळंबी, माकूल (स्क्विड) आणि तारली मासा. कोळंबी सगळ्याच माशांना आवडते पण मऊ, लहान मासे कुरतडून नेतात आणि तुम्ही रिकामी गरी घेऊन बसता. माकूल चिवट, बोटाएवढी पट्टी कापून एका टोकाला गरीत ओवा, पाण्यात हलत राहते, टिकते. तारलीचा वास लांब जातो पण गरीवर राहत नाही, ती शिवायच्या दोऱ्यानं दोन वेढे देऊन बांधा. मी वरच्या गरीला कोळंबी आणि खालच्या गरीला माकूल लावतो, कुठल्याला मासा येतोय बघून मग पुढं ठरवतो. आमिष पहाटे बंदरावर ताजं घ्या, इथनं बर्फातलं नेण्यात अर्थ नाही.

निघताना पोट रिकामं नको आणि भरलेलं पण नको, दोन चपात्या नाहीतर इडली, चहा अर्धा कप. ज्याला गाडी लागते त्यानं डॉक्टरला विचारून उलटीची गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधीच घ्यायची, लागल्यावर घेऊन उपयोग नाही. होडीत मधोमध किंवा मागं बसा, पुढं सगळ्यात जास्त आपटतं. नजर लांब, जमिनीवर किंवा क्षितिजावर, मोबाईल खिशात. आलेपाकाची वडी तोंडात ठेवली की मला तरी बरं वाटतं. टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, दोन लिटर पाणी माणशी. पहाटे थंडी वाजते म्हणून स्वेटर घालतात, पण नऊनंतर ऊन पाण्यावरनं उलटून तोंडावर येतं आणि संध्याकाळी चेहरा भाजलेला असतो.

जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, त्याच्या आधी बंदर सोडायचं. तांडेल खडप कसं शोधतो ते बघण्यासारखं असतं. जीपीएस असतंच आता, पण जुना माणूस किनाऱ्यावरच्या खुणा जुळवतो, अमका डोंगर दीपगृहाच्या मागं आला आणि दुसरीकडं तमकं झाड कड्याच्या टोकाला आलं की खाली खडप. दोन रेषा जिथं छेदतात ती जागा. पन्नास मीटर चुकलं तर खाली नुसती वाळू. मग ज्या बाजूनं पाण्याची ओढ येते त्या बाजूला, खडपाच्या पुढं नांगर टाकतात, होडी ओढीबरोबर मागं सरकत खडपाच्या कडेवर येऊन थांबते, कारण मासे खडपाच्या माथ्यावर कमी आणि कडेला, जिथं वाळू सुरू होते तिथं जास्त असतात.

आता सोडा. शिसं पाण्यात फेकायचं नाही, होडीच्या कडेनं सरळ खाली सोडायचं, दोरी बोटांतनं सुटू द्या पण मोकळी नको. शिसं टेकलं की दोरी एकदम सैल पडते. ही सैल पडलेली कळली पाहिजे, पहिल्यांदा कळत नाही, मग सगळी दोरी खाली जाऊन गुंता होतो. माझ्या पहिल्या खेपेला तांडेलकाका म्हणाले होते, "तळ लागलो काय दोन हात वर घेवा, आणि बोटावर धरा." तेच अजून करतो. दोन हात वर म्हणजे शिसं खडपापासून थोडं उचललेलं, अडकत नाही, गऱ्या माशाच्या तोंडासमोर. दर मिनिटाला हळूच खाली टेकवून बघायचं, तळ तिथंच आहे का. शिसं खडपावर टेकलं तर टक्क असं कडक लागतं, वाळूवर मऊ बसतं, चिखलात तर सोडवून घ्यावं लागतं. तासाभरात हे तिन्ही वेगळे ओळखू येतात, आणि त्या क्षणाला जो आनंद होतो तो मासा लागल्यापेक्षा कमी नाही. न बघता समुद्राचा तळ हाताला लागतो.

चावा दोन प्रकारचा. टक टक टक असं बारीक असेल तर लहान मासा आमिष कुरतडतोय, ओढू नका, थांबा. एक जड ओढ खाली आली, दोरी बोटातनं सरकायला लागली, की तो खरा. सर्कल गरीला हिसका द्यायचा नाही, नुसतं सारखं वर घेत राहायचं, गरी आपोआप बसते. गोबरा असेल तर पहिले दोन-तीन मीटर पटापट वर घ्या, कारण तो लागल्या लागल्या कपारीत घुसतो आणि कल्ले फुगवून बसतो, मग दोरी तुटली तरी बाहेर येत नाही. घुसलाच तर दोरी सैल सोडून दोन मिनिटं गप्प बसा, कधी कधी आपणच बाहेर येतो.

पाणी पूर्ण थांबलं की मासा पण थांबतो. अर्धा तास काही होत नाही, आपली माणसं कंटाळतात आणि म्हणतात, काय गा, दुसरीकडं जाऊया की. त्या वेळेला डबा काढा, खा. पाणी परत हलायला लागलं की तांडेल सांगतोच, "आता पाणी चलाक लागला, आता बघा," आणि खरंच दहा मिनिटांत दोघांच्या दोऱ्या एकदम ओढल्या जातात.

येणारे मासे म्हणजे राणे भरपूर, ढोमा, करकरा, वाळूच्या बाजूला मुडदुशी, आणि नशीब असेल तर तांबोशी, गोबरा. लहान गोबरा सोडून द्या. हा मासा हळू वाढतो, आणि बहुतेक जाती आधी मादी असतात, मोठ्या झाल्यावर त्यातल्या काही नर होतात, म्हणजे लहान सगळे काढले तर पुढं अंडी घालणारं पण कोणी नाही आणि नर पण नाही. खोलातनं पटकन वर आणलेल्या माशाचं पोट फुगतं, म्हणून सोडायचा असेल तर हातात धरून फोटो काढत बसू नका, ओल्या हातानं गरी काढून लगेच पाण्यात.

शिंगाळा आला तर हात लावू नका. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक करवतीसारखा काटा असतो, विषारी. आमच्यातल्या एकाला तळहातात गेला होता, खांद्यापर्यंत ठणका, रडायची वेळ आली. अशा वेळी हात सोसवेल एवढ्या गरम पाण्यात अर्धा-दीड तास बुडवून ठेवायचा, त्यानं ठणका कमी होतो, आणि किनाऱ्यावर आल्यावर डॉक्टरकडं जायचंच. थर्मासमध्ये चहाऐवजी गरम पाणी न्यायचं मी तेव्हापासून सुरू केलं. पाकट आली तर शेपटीच्या काट्यापासून लांब, तांडेलाला काढू द्या. आणि फुगणारा केंड, तो कितीही मोठा असला तरी खायचा नाही, त्याच्या विषावर औषध नाही आणि शिजवून ते जात नाही. दोरी कापून सोडा.

साडेअकरा-बारानंतर वायव्येकडनं खारा वारा वाढायला लागतो, आधी पाण्यावर बारीक सुरकुत्या आणि मग पांढरे फेस. तांडेलानं नांगर उचला म्हटलं की उचलायचा. आत्ताच तर लागायला लागलेत, अजून अर्धा तास, असली विनवणी करायची नाही, कारण येताना तीच लाट कडेनं होडीवर घेत यायचंय आणि त्याला ते माहीत आहे, आपल्याला नाही.

मासा धरल्या धरल्या बर्फात. थर्माकोलचा मोठा डबा, जेवढा मासा तेवढाच बर्फ, त्यात थोडं समुद्राचं पाणी ओतलं की गारवा सगळीकडनं लागतो. बंदरावरच पोट आणि कल्ले काढून घ्या, मग पाणी काढून टाकून नवीन बर्फ भरा, कारण अजून घाट चढून तीन-साडेतीन तास यायचंय. बंदरावर मावशी साफ करून देतात, वीस-पन्नास रुपयांवरनं घासाघीस करू नका. तिरफळं तिथंच बाजारात घ्या, तांबोशीच्या आमटीला ती लागतातच.

घरी आल्यावर कितीही दमला असाल तरी तंगूस, गऱ्या आणि स्विव्हल बादलीत गोड्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी सावलीत पसरून वाळवा आणि शेवटचे दहा मीटर बोटांतनं ओढत बघा, कुठं खरखरीत लागलं तर तेवढा तुकडा कापून टाका, खडपाला घासलेला असतो.