प्रेअरीच्या कामाला येताय? आधी रोपं ओळखायला शिका

अमेरिकेतल्या आयोवात प्रेअरीचं, म्हणजे तिथलं मूळचं गवताळ रान पुन्हा उभं करण्याचं काम शिकायला येणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे फुलं आणि फुलपाखरं असतात. ती दिसतात, पण साधारण तिसऱ्या वर्षापासून.

मी ज्यांच्या शेतावर इंटर्नशिप केली त्या बाई सत्तरीच्या. यजमान गेल्यावर जमीन त्यांच्या नावावर आली, कसायला खंडकरी. आयोवातली जवळपास निम्मी शेतजमीन बायकांच्या मालकीची आहे, त्यामुळे अशा मालकिणी तुम्हालाही भेटतीलच. इथली माती हजारो वर्षं गवताची मुळं कुजून काळी झालेली, आपल्या बेसाल्टच्या काळ्या मातीपेक्षा वेगळी. बाईंच्या उतारावरून तोच थर वाहून गेला होता. पिवळट माती उघडी, मका खुरटा, खताचा खर्च मात्र पूर्ण.

बाईंनी सगळ्यात खराब तुकडा सरकारच्या सीआरपी योजनेत घातला, म्हणजे पिकाखालून काढून तिथे गवत-झाडोरा लावायचा. करार १० ते १५ वर्षांचा, दरवर्षी भाडं, शिवाय लागवडीच्या खर्चाचा काही वाटा मिळतो. उरलेल्या शेतात समतल रेषेवर प्रेअरीचे पट्टे ठेवले. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगांत शेताच्या १० टक्के जागेत असे पट्टे ठेवल्यावर वाहून जाणारी माती सुमारे ९५ टक्क्यांनी घटली. २०१८ च्या कृषी कायद्यानंतर हे पट्टेही सीआरपीत बसतात. खरी बोलणी झाली ती खंडकऱ्याशी. दोन पट्ट्यांमधलं अंतर त्याच्या पेरणीयंत्राच्या आणि फवारणीयंत्राच्या रुंदीच्या पटीत हवं, नाहीतर फेरे वाया जातात. हा आकडा आराखडा काढण्याआधीच विचारून घ्या. इंटर्नशिपच्या ऑफिसातल्या अर्ध्या बैठका याच एका आकड्यावरून व्हायच्या.

पहिल्या उन्हाळ्यात शेत बघवत नाही. नुसतं तण. शेजारी गाडी थांबवून बाईंना विचारायचे, "हे काय चाललंय?" प्रेअरीची रोपं तेव्हा वर वाढत नाहीत, मुळं खाली सोडत असतात. तणाला बी धरायच्या आत, वीतभर उंची ठेवून, पुन्हा पुन्हा कापणी करायची एवढंच काम.

याच काळात रोपं ओळखायला शिका. पातं खोडापासून अलगद मागे वाकवा आणि सांध्यात बघा: स्विचग्रासला तिथे केसांचा दाट झुपका असतो, इंडियनग्रासला बंदुकीवरच्या नेम धरायच्या माशीसारखी खाच असलेलं टोक. फुलं आल्यावर कोणीही ओळखतं. पगार मिळतो तो पात्यावरून ओळखणाऱ्याला.

एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर पगारी इंटर्नशिपआधी सीपीटीची, म्हणजे शिक्षणाचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी घ्या. प्रेअरीला नियंत्रित आग लावण्याच्या कामासाठी एस-१३० आणि एस-१९० हे वणवा हाताळण्याचे प्राथमिक अभ्यासक्रम हिवाळ्यातच उरका, कारण जाळणी बहुतेक वसंतात होते. आगीजवळ पॉलिएस्टर घालू नका, ते वितळून कातडीला चिकटतं. आणि घरी आल्यावर गोचिडी तपासा, विशेषतः गुडघ्यामागे.