अमेरिकेतल्या उजव्या भाष्यकाराचं म्हणणं तपासायचं कसं

बडोद्यात दांडिया बाजारात बसून आयकराची रिटर्नं भरणाऱ्या बाईला अमेरिकेच्या राजकारणाशी काय देणंघेणं, असं मला विचारलं जातं. माझ्या बऱ्याच अशिलांची मुलं तिकडे आहेत, माझा भाचा न्यू जर्सीत आहे, आणि तिकडचे व्हिडिओ इकडच्या फोनवर रोज येऊन पडतात. 'मावशी, हे बघच' असं म्हणून तो जे पाठवतो ते बहुतेक रिपब्लिकन, म्हणजे तिकडच्या उजव्या पक्षाच्या, बाजूचं असतं: डेमोक्रॅट (समोरचा, डावीकडचा पक्ष) कर वाढवतात, सरकार पैसा उधळतं, दहशतवादाशी लढायची त्यांची हिंमत नाही.

माझं मत आधीच सांगते. कर कमी असावेत, सरकारनं ऐपतीत राहावं आणि निरपराध माणसांना मारणाऱ्यांची गय करू नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे भाष्यकार मला आपले वाटतात. आपल्या माणसाचे कागद आपण न वाचता सही करतो, त्यामुळे तपासायची खरी गरज तिथेच असते.

सुरुवात कागदानं करा. अर्ध्या तासाच्या व्हिडिओतून ज्यांची शहानिशा होऊ शकेल अशी दोन-तीन वाक्यं उतरवून घ्या. 'डाव्यांनी देशाची वाट लावली' हे मत आहे, ते सोडून द्या. 'निम्मे अमेरिकन कर भरतच नाहीत' ही नोंद आहे, ती घ्या. शक्य असेल तर ऐकण्यापेक्षा वाचा. वॉल स्ट्रीट जर्नलचं संपादकीय पान किंवा नॅशनल रिव्ह्यू ही उजव्या विचारांची पत्रं वाचताना आकड्यापाशी थांबता येतं, आवाज चढवणाऱ्या माणसापुढे थांबता येत नाही. प्रसारणात दोन्ही बाजू मांडायला लावणारा नियम तिकडे १९८७ साली रद्द झाला, पुढच्याच वर्षी रश लिम्बॉ या उजव्या भाष्यकाराचा रेडिओ कार्यक्रम देशभर सुरू झाला, आणि एकाच बाजूनं तासन्‌तास बोलण्याची पद्धत रुळली. (वाचण्याच्या बाबतीत बडोदेकरांनी मागे राहू नये. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे बोलावून संस्थानभर वाचनालयं उभी केली. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी त्याच कामातली.)

आता ते 'निम्मे कर भरत नाहीत' घेऊ. २०१२ च्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांच्या तोंडून ४७ टक्क्यांचा आकडा आला आणि तो अजून फिरतो आहे. इथे विचारायचं एकच: कोणता कर? आकडा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, आयकराचा आहे. पण तिकडच्या नोकरदाराच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे (म्हातारपणाच्या पेन्शनसाठी) ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे (वृद्धांच्या आरोग्यविम्यासाठी) १.४५ टक्के पहिल्या डॉलरपासून कापले जातात, आणि तेवढेच मालक भरतो. उदाहरण मांडून बघा. एकटा राहणारा, वर्षाला ४०,००० डॉलर पगार असलेला माणूस. २०२४ साली त्याला प्रमाणित वजावट १४,६०० डॉलर. उरले २५,४००. पहिल्या ११,६०० वर १० टक्के म्हणजे १,१६०, उरलेल्या १३,८०० वर १२ टक्के म्हणजे १,६५६. आयकर झाला २,८१६ डॉलर. पगारातली ती दुसरी कपात मात्र ३,०६० डॉलर. म्हणजे या माणसाचा आयकर उद्या शून्य केला तरी 'तो कर भरत नाही' असं म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट भाष्यकार सांगत नाहीत. आयकर शून्य होणारी कुटुंबं वाढली त्यात रिपब्लिकन कायद्यांचा मोठा वाटा आहे. मुलांमागे मिळणारी करसवलत २००१ च्या कायद्यानं १,००० डॉलरपर्यंत न्यायची ठरली, २०१७ च्या कायद्यानं ती २,००० झाली आणि प्रमाणित वजावटही जवळजवळ दुप्पट झाली. मला ती धोरणं पटतात. कुटुंबाच्या हातात पैसा राहायला हवा, हा उजव्यांचाच विचार. मग त्याच कुटुंबांना फुकटे म्हणू नये.

समोरच्या बाजूलाही हीच कसोटी लावा. 'श्रीमंत काही देत नाहीत' असं कोणी म्हणालं तर त्याला सांगा, वरचा १ टक्का फेडरल आयकरातला साधारण ४० टक्के वाटा भरतो. हा आकडाही फक्त आयकराचा, हे सांगायला विसरू नका.

दरांबद्दल बोलताना मात्र मी उजव्यांच्या बाजूनं ठाम उभी राहते, कारण हे आपल्याकडे घडलेलं आहे. १९७३-७४ मध्ये भारतात आयकराचा वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. शंभरातले सव्वादोन रुपये हातात राहणार असतील तर माणूस उत्पन्न दाखवेल कशाला? काळा पैसा आणि करचोरी यांवर नेमलेल्या वांछू समितीनं १९७१ सालीच दर खाली आणा म्हणून सांगितलं होतं. १९८५ मध्ये अर्थमंत्री व्ही. पी. सिंग यांनी तो ५० वर आणला, १९९७ मध्ये चिदंबरम यांनी ३० वर. आमच्या व्यवसायातल्या जुन्या माणसांना त्या दोन काळांतला फरक कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात बराच काळ वरचा दर ९१ टक्के होता, १९८८ मध्ये २८. पण फेडरल महसूल दोन्ही वेळा राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७ टक्क्यांच्या आसपासच घोटाळत राहिला. कागदावरचा दर आणि तिजोरीतला पैसा यांचं नातं किती सैल असतं, हे यावरून कळतं.

पण यातून 'कर कमी केला की महसूल आपोआप वाढतो' असं काढलं जातं, तिथे सावध व्हा. रेगन यांचं नाव हमखास येतं. त्यांची पूर्ण खतावणी वाचा. १९८१ मध्ये वरचा दर ७० वरून ५० वर आणला. १९८२ मध्ये तूट बघून त्यांनीच करवाढीच्या कायद्यावर सही केली. १९८३ मध्ये सोशल सिक्युरिटीसाठी पगारातून होणारी कपात वाढवली. १९८६ मध्ये पळवाटा बंद करून दर २८ वर आणायचं ठरवलं, तेही दोन्ही पक्षांची मतं घेऊन. १९८६ हे माझ्या मते उजव्या करविचाराचं सर्वांत देखणं काम आहे, आणि आजचे भाष्यकार त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोलतात. महसूल 'वाढला' असं ऐकलं की महागाई वजा केली आहे का आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या किती टक्के, हे दोन प्रश्न वहीत लिहा.

कर आणि दहशतवाद हे विषय तिकडच्या कार्यक्रमांत वेगवेगळ्या दिवशी येतात. वाचणाऱ्यानं ते एका पानावर आणावेत. अमेरिकेनं मोठी युद्धं लढली तेव्हा कर वाढवले. दुसऱ्या महायुद्धात १९४२ च्या कायद्यानं सामान्य नोकरदारही आयकरात आला आणि १९४३ पासून पगारातूनच कर कापायला लागले. व्हिएतनामच्या वेळी १९६८ मध्ये १० टक्के अधिभार लावला. ११ सप्टेंबर २००१ नंतर उलटं झालं. इराकवर हल्ला मार्च २००३ मध्ये, आणि त्याच वर्षी २८ मे रोजी बुश यांची दुसरी करकपात. २००१ पर्यंत सलग चार वर्षं शिल्लक दाखवणारा अर्थसंकल्प पुन्हा शिलकीत आलेला नाही. दहशतवाद्यांना शासन व्हायलाच हवं होतं. जवळपास ३,००० माणसं एका सकाळी मारली गेली होती. पण लढाई करायची, कर कमी करायचे आणि पैसे उसने आणायचे, याला काटकसरी विचार म्हणत नाहीत. ज्या भाष्यकारानं हा प्रश्न आपल्याच पक्षाला विचारलेला आहे त्याचं बाकीचं म्हणणं मी जास्त विश्वासानं वाचते.

'दहशतवादापुढे डेमोक्रॅट कच खातात' हे वाक्य आलं की भांडू नका, मतदान काढा. अमेरिकी संसदेत कुणी कुठे मत दिलं ते नावानिशी कुणालाही बघता येतं. सप्टेंबर २००१ मध्ये लष्करी कारवाईचा ठराव प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध १ आणि सिनेटमध्ये ९८ विरुद्ध ० असा संमत झाला. तपासयंत्रणांना पाळतीचे जादा अधिकार देणाऱ्या पॅट्रियट कायद्याला सिनेटमध्ये एकच विरोधी मत पडलं. २००२ च्या इराक ठरावाला २९ डेमोक्रॅट सिनेटरांनी पाठिंबा दिला, तर रॉन पॉल यांच्यासारख्या कट्टर उजव्या रिपब्लिकनानं या ठरावालाही विरोध केला आणि पॅट्रियट कायद्यालाही. लादेन मारला गेला ओबामांच्या काळात, इसिसचा म्होरक्या बगदादी ट्रम्प यांच्या, लादेननंतर अल-कायदा चालवणारा जवाहिरी बायडेन यांच्या. करांच्या बाबतीत मात्र पक्षांची फूट खरी आहे: १९९३ च्या करवाढीला एकाही रिपब्लिकनाचं मत नव्हतं, २०१७ च्या कपातीला एकाही डेमोक्रॅटाचं नव्हतं.

इथे आपण भारतीय वाचक म्हणून आणखी एक रकाना जोडायला हवा, तो तिकडच्या कुणाच्याच वहीत नसतो: पाकिस्तान. बुश सरकारनं डिसेंबर २००१ मध्ये लष्कर-ए-तैयबाला दहशतवादी संघटनांच्या यादीत टाकलं, आणि त्याच सरकारनं जून २००४ मध्ये पाकिस्तानला नाटोबाहेरच्या प्रमुख मित्रराष्ट्राचा दर्जा दिला. २००८ मध्ये मुंबईत १६६ माणसं मारली गेल्यावर वर्षभरात ओबामांच्या काळात पाकिस्तानला पाच वर्षांत ७५० कोटी डॉलर देणारा कायदा आला, ज्यावर केरी या डेमोक्रॅटाबरोबर लुगर या रिपब्लिकनाचं नाव आहे. सुरक्षा मदत जवळजवळ सगळी रोखली गेली ती जानेवारी २०१८ मध्ये, ट्रम्प यांच्या काळात. मुंबई हल्ल्याआधी जागांची टेहळणी करणाऱ्या हेडलीला २०१३ मध्ये शिकागोत ३५ वर्षांची शिक्षा झाली, तो भारताला मिळाला नाही. त्याच हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या ताब्यात आला. 'आमचा पक्ष दहशतवादाशी लढतो' असं कुणी म्हणालं की मी या रकान्यात बघते आणि मगच मान हलवते.

राहिला टॅरिफ, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरचं आयातशुल्क. तो कर आहे आणि तो भरतो अमेरिकेतला आयातदार. मग त्यातला काही भाग तो गिऱ्हाइकावर टाकतो, काही आपल्याकडच्या निर्यातदाराला भाव पाडून सोसायला लावतो. अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या कलमाच्या आठव्या विभागात कर आणि आयातशुल्क लावण्याचा अधिकार संसदेला दिलेला आहे, आणि घटनेचा शब्द न शब्द पाळा असं तर उजवे भाष्यकार नेहमीच सांगतात. तेव्हा तुमच्या आवडत्या भाष्यकाराचे टॅरिफवरचे लेख शोधून काढा, त्याशेजारी त्याचेच २०१७ च्या करकपातीवरचे लेख ठेवा, आणि दोन्हीकडे 'हा कर शेवटी कोण भरतो' या प्रश्नाला त्यानं काय उत्तर दिलं आहे ते समोरासमोर लिहून घ्या.