‘कमांड चालत नाही’ म्हणणाऱ्याला दुरून मदत कशी करावी

विंडोजवर ‘पायथन चालत नाही’ (पायथन ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा) एवढेच कोणी कळवले, तर त्याने टाइप केलेली ओळ आणि तिच्याखाली आलेला संपूर्ण संदेश कॉपी करून मागवावा. पडद्याचा मोबाईलवर काढलेला फोटो चालवून घेऊ नये.

पुढची पायरी मात्र घाईने उरकण्याची नाही. नाशिक रोडला बसून मी पंचवटीतल्या भाच्याला किंवा सातपूरच्या कारखान्यातल्या मित्राला फोनवर मदत करतो, तेव्हा बहुतेक घोळ इथेच होतो: सांगणारा कमांड प्रॉम्प्ट गृहीत धरतो आणि समोर उघडलेले असते पॉवरशेल. दोन्ही विंडोजमध्ये कमांड टाइप करण्यासाठीच असले, तरी हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत. खिडकीच्या रंगावरून ते ओळखू नयेत. ओळीच्या सुरुवातीला ‘पीएस’ ही अक्षरे दिसली तर पॉवरशेल, थेट ‘सी’ ड्राइव्हचे नाव दिसले तर बहुधा कमांड प्रॉम्प्ट.

याचा सर्वांत मोठा फटका ‘व्हेअर पायथन’ या कमांडला बसतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये ती प्रोग्रॅम कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते दाखवते. पॉवरशेलमध्ये मात्र ‘व्हेअर’ हे यादी गाळणाऱ्या वेगळ्याच कमांडचे छोटे नाव असल्यामुळे पडद्यावर काहीच उमटत नाही, चूक झाल्याचा संदेशसुद्धा नाही. ‘काहीच आले नाही’ हे ऐकून लगेच ‘मग पायथन पुन्हा इन्स्टॉल करा’ असे सांगणे हा अत्यंत वाईट सल्ला आहे, कारण त्याने एकाच संगणकावर दोन-दोन आवृत्त्या जमतात आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. म्हणून नेहमी ‘व्हेअर डॉट ईएक्सई पायथन’ असेच टाइप करायला सांगावे. ते दोन्हीकडे सारखेच चालते.

उत्तरात फक्त ‘विंडोजअ‍ॅप्स’ फोल्डर दिसला, तर बहुतेक वेळा ती मायक्रोसॉफ्ट स्टोअरकडे नेणारी नुसती वाट असते. फाइल सापडली नाही असा संदेश आला आणि पायथन खरोखरच इन्स्टॉल केलेले असेल, तर त्याचा फोल्डर विंडोजच्या ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ या सेटिंगच्या खिडकीतून ‘पाथ’मध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्रॅम जिथे शोधते त्या फोल्डरांच्या यादीत, जोडावा. हे काम ‘सेटएक्स’ या कमांडने करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मानू नये, कारण ती कमांड 1024 अक्षरांपुढचा मजकूर कापून टाकते आणि लांबलचक ‘पाथ’ची वाट लागते.

बदल केल्यावर आधीची खिडकी बंद करून नवी उघडायला सांगावे, कारण जुन्या खिडकीला नवा ‘पाथ’ दिसत नाही. व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या प्रोग्रॅममधले टर्मिनल (कमांड टाइप करण्याची जागा) वापरत असतील, तर संपूर्ण व्हीएस कोड बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो.