फॉरमॅट मारण्याआधी: घरच्या कॉम्प्युटरची देखभाल

कॉम्प्युटर स्लो झालाय म्हटलं की समोरून हमखास सल्ला येतो, "फॉरमॅट मारून टाका." फॉरमॅटनंतर महिनाभर मशीन पळतंही. पण मूळ दुखणं धूळ, उष्णता, जुनी हार्ड डिस्क किंवा घरातली वीज यांपैकी कशात असेल, तर ते तिथंच राहतं आणि मध्येच फोटो, टॅलीचा डेटा, ब्राउझरमधले पासवर्ड मात्र गेलेले असतात. म्हणून आधी नेमकं काय अडतंय ते बघावं.

कॉम्प्युटर सुरू करून पाच मिनिटं त्याला हात लावू नका. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यातलं परफॉर्मन्स हे पान बघा. काहीही काम चालू नसताना डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर अडकलाय आणि सीपीयू (इथं याचा अर्थ प्रोसेसर, अख्खं कॅबिनेट नव्हे) मात्र १०-१५ टक्क्यांवर आहे, तर दोष बहुधा हार्ड डिस्कचा. ब्राउझरचे चार टॅब उघडताच मेमरी ९० टक्क्यांच्या पुढे जात असेल तर रॅम अपुरी आहे. विंडोज ११ ला कागदावर ४ जीबी रॅम चालते, पण रोजच्या वापराला ८ जीबीपेक्षा कमी असेल तर त्रास ठरलेला. तिसरी शक्यता उष्णतेची: जड काम चालू असताना सीपीयूचा वेग त्याच पानावर दिलेल्या बेस स्पीडच्याही खाली घसरतो. मशीन रिकामं असताना वेग कमी दिसणं मात्र नॉर्मल आहे, त्यावरून निष्कर्ष काढू नका. लॅपटॉपला मूळच्यापेक्षा कमी वॅटचा चार्जर जोडला असेल तरी वेग असाच पडतो.

त्याच पानावर 'अप टाइम' असं लिहिलेलं असतं. रोज रात्री शट डाउन करूनही तिथं बारा-पंधरा दिवस दिसतात, तेव्हा बरेच जण चक्रावतात. कारण फास्ट स्टार्टअप. ते चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज स्वतःचा गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलतं, त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर (प्रिंटर, ऑडिओ यांना विंडोजशी जोडणारं छोटं सॉफ्टवेअर) तसाच अडकलेला राहतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. आठवड्यातून एकदा शट डाउनऐवजी रीस्टार्ट करा. प्रिंटर सापडत नाही, आवाज येत नाही अशा बऱ्याच तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअप अ‍ॅप्सची यादी आहे. गेमचे लाँचर, मीटिंगची सॉफ्टवेअर, प्रिंटरचा 'असिस्टंट', गाण्यांचं अ‍ॅप यांना डिसेबल करा. त्याने सॉफ्टवेअर उडत नाही, फक्त आपोआप सुरू व्हायचं थांबतं. सिक्युरिटी, टचपॅड, ऑडिओ, ग्राफिक्स आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर यांना हात लावू नका.

जागा

सी ड्राइव्हवर १५ ते २० टक्के जागा मोकळी हवी. त्याखाली अपडेट अडकतात आणि एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर लिहिण्याचा वेगही घटतो. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज या वाटेने टेम्पररी फाइल्समध्ये जा. मोठ्या अपडेटनंतर जुन्या विंडोजची प्रत काही दिवस तिथं पडून असते, ती अनेक जीबी खाते. पण याच यादीत 'डाउनलोड्स' अशीही एक चौकट असते. तिच्यावर टिक केली तर बँकेची स्टेटमेंट, प्रवेशपत्रं, व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून उतरवलेल्या पीडीएफ, सगळं एका फटक्यात जातं. ती चौकट रिकामीच ठेवा आणि डाउनलोड्सचं फोल्डर स्वतः चाळा.

यासाठी वेगळा 'क्लीनर', 'पीसी बूस्टर' किंवा 'ड्रायव्हर अपडेटर' लागत नाही. रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ केल्याने वेग वाढत नाही, उलट एखादी नोंद चुकीची उडाली तर चालणारं सॉफ्टवेअर बंद पडतं. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवणं हाही असाच घरचा घोळ: प्रत्येक फाइल दोघे तपासणार म्हटल्यावर मशीन हळू होणारच. विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरगुती वापराला पुरतो, फक्त त्याला बंद करायला लावणारं क्रॅक सॉफ्टवेअर टाकू नका. स्क्रीनच्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस' असं सतत येत असेल, तर बहुतेक वेळा तो व्हायरस नसतो. कुठल्यातरी साइटला 'अलाउ' म्हणून नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमधून ती काढली की विषय संपला.

हार्ड डिस्क

फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला प्रत्येक विखुरलेला तुकडा शोधायला दहाएक मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाइतका वेळही लागत नाही. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे वाचले जातात. म्हणूनच सात-आठ वर्षं जुन्या मशीनवर खर्च करायचा तर तो आधी एसएसडीवर करावा, रॅम त्यानंतर. २५६ जीबीवर विंडोज आणि सॉफ्टवेअर आरामात बसतात, फोटो-व्हिडिओ जुन्या डिस्कवर राहू द्या.

घेताना जागा कोणती आहे ते बघा. जुन्या डेस्कटॉपला अडीच इंची साटा (डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) एसएसडी लागते, सोबत साटा केबल, आणि एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) आलेला एक मोकळा पॉवर कनेक्टर आहे ना तेही तपासा. लॅपटॉपमध्ये एम-डॉट-टू स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच) असेल तर तो साटाचा की एनव्हीएमईचा (नवी, वेगवान पद्धत) हे मॉडेल नंबरवरून खात्री करूनच घ्या. काही जुन्या लॅपटॉपमध्ये तो फक्त साटाचा असतो. एनव्हीएमई त्यात बसते, स्क्रूही लागतो, पण मशीनला ती दिसतच नाही.

एसएसडी असेल तर डीफ्रॅगची (विखुरलेले तुकडे एकत्र लावणारी) वेगळी सॉफ्टवेअर चालवू नका. विंडोज ड्राइव्हचा प्रकार ओळखून स्वतःच आठवड्याला योग्य ती निगा राखतं.

डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे 'कॉशन'. 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' शून्य नसेल तर डिस्कचे काही भाग वाचताना तिला अडचण येतेय. अशा वेळी चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधली डिस्क तपासणी, चालवायची घाई करू नये. संपूर्ण डिस्क तपासताना तिच्यावर तासन्‌तास ताण येतो आणि आज वाचता येणाऱ्या फाइल उद्या येत नाहीत. आधी महत्त्वाचं सगळं दुसरीकडे कॉपी करा. आतून टक-टक आवाज येत असेल तर कॉपीचाही प्रयत्न न करता मशीन बंद करा आणि डेटा खरंच मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

धूळ

डेस्कटॉपचं कॅबिनेट सहा महिन्यांतून एकदा उघडावं. रस्त्यालगतचं घर किंवा घरात कुत्रा-मांजर असेल तर तीन महिन्यांतून. आधी थोडा जागेचा विचार करा. स्वयंपाकघराशेजारी फोडणीची वाफ आणि देवघराजवळ उदबत्तीचा धूर पंख्यातून आत ओढला जातो, मग धूळ कोरडी न राहता चिकट थर बनते. ती फुंकरीने उडत नाही, ब्रशनेच खरवडावी लागते. जमिनीवर ठेवलेलं कॅबिनेट केर काढताना उडणारं सगळं खातं. चार-सहा इंच उंच स्टूलावर ठेवलं तरी फरक पडतो.

साहित्य: दोन नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, एक इंची मऊ पेंटब्रश, हातातला ब्लोअर, मायक्रोफायबरचं फडकं आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. हँड सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

मशीन शट डाउन करा, मागची पॉवर केबल काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठलेली वीज उतरते. मागच्या सगळ्या केबलींचा मोबाइलवर फोटो काढा. कॅबिनेट गॅलरीत न्या. समोरून बघताना डाव्या हाताचं पॅनेल मागचे दोन स्क्रू काढून मागे सरकवलं की निघतं. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा, अंगावरची स्टॅटिक वीज त्यात उतरते. हिवाळ्यात, कोरड्या हवेत हे विसरू नये.

ब्रशने धूळ सैल करा, मग अर्ध्या फुटावरून ब्लोअर मारा. त्या वेळी प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. ब्लोअरच्या झोताने पंखा त्याच्या क्षमतेपेक्षा जोरात फिरला तर बेअरिंग खराब होतं आणि पंधरा दिवसांनी घरघर सुरू होते. घरचा व्हॅक्युम क्लीनर आत घालू नका, त्याच्या प्लॅस्टिकच्या नळीवर स्टॅटिक साठतं. एसएमपीएसमध्ये बाहेरूनच हवा मारा, तो उघडायचा नाही. केबल काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जोराचा झटका देण्याइतकी वीज असू शकते. मागच्या बाजूला कार्डाच्या जागेवरची पट्टी गायब असेल तर नवी लावा. झुरळं आणि पाली तिथूनच आत शिरतात, आणि मदरबोर्डवर आडवी झालेली पाल शॉर्टसर्किट करू शकते.

धूळ काढूनही मशीन तापतंय का हे एचडब्ल्यूमॉनिटर या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघा. रिकामं असताना ३५ ते ५० अंश आणि कामात ७० ते ८५ ठीक आहे. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात यात दहा-एक अंश वाढ धरा. ९५च्या आसपास प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. कूलर (प्रोसेसरवरचा पंखा आणि धातूचा ठोकळा) स्वच्छ असूनही तिथवर जात असेल तर थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा मधला लेप, बहुधा वाळली आहे. ती बदलायला जुनी पेस्ट अल्कोहोलने पूर्ण पुसा, मधोमध तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी नवी पेस्ट ठेवा, पसरवू नका, कूलरच्या दाबाने ती पसरते. स्क्रू तिरके समोरासमोर, थोडे थोडे आवळा. इंटेलच्या प्रोसेसरसोबत येणाऱ्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या खिट्ट्या असतात. त्यातली एक जरी अर्धवट बसली तर मशीन पाच मिनिटांत तापून बंद पडतं. चारही 'टक' आवाजाने बसल्या का ते मदरबोर्डच्या मागून बघून घ्या. एएमडी कंपनीच्या एएम-फोर सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसवायची जागा) वेगळा धोका आहे: वाळलेल्या पेस्टमुळे कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. आधी दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट गरम करा, बंद करून केबल काढा, कूलर किंचित डावी-उजवीकडे फिरवून सुटू द्या, मगच उचला.

साफसफाईनंतर डिस्प्ले आला नाही आणि बीप-बीप ऐकू आलं तर घाबरू नका. बहुधा हात लागून रॅम हलली आहे. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून ती काढा, सोनेरी पट्टी अल्कोहोलने पुसा आणि दोन्ही खिट्ट्या आपोआप मिटेपर्यंत दाबून बसवा. दुकानात खोडरबर घासतात. जमतं, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडतो, शिवाय जोरात घासलं तर मुलामा जातो.

वीज आणि पावसाळा

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात? घराला अर्थिंग नाही, किंवा बोर्डाच्या तिसऱ्या पिनेला वायरच जोडलेली नाही. एसएमपीएसमधला फिल्टर थोडी वीज कॅबिनेटकडे सोडतो, ती जमिनीत जायला वाट नसली की हाताला जाणवते. हे काम वायरमनकडून करून घ्या, टू-पिन अ‍ॅडॅप्टर लावून पळवाट काढू नका.

६०० व्हीएच्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. मे महिन्यात सगळं सेव्ह करून भिंतीवरचं बटण बंद करा. मशीन पाच मिनिटंही टिकलं नाही तर पावसाआधी बॅटरी बदला. लेझर प्रिंटर यूपीएसवर जोडू नका, गरम होताना तो एकदम इतकी वीज खेचतो की यूपीएस ओव्हरलोडने बंद पडतो. विजा कडाडत असतील तर नुसतं बटण बंद करणं पुरत नाही, प्लग काढा आणि राउटरची लॅन केबलही. मदरबोर्डचं लॅन पोर्ट त्या वाटेनेही जळतं. कोकणात किंवा मुंबईत मशीन पावसाळाभर बंद ठेवण्यापेक्षा दोन दिवसांआड तासभर चालवावं, आतली ऊब दमटपणा धरू देत नाही.

घड्याळ सारखं मागे पडत असेल किंवा सगळ्या साइट 'सुरक्षित नाही' म्हणत असतील तर आधी तारीख बघा. मदरबोर्डवरची सीआर-२०३२ बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि ब्राउझरला प्रत्येक प्रमाणपत्र चुकीचं वाटतं. तीन व्होल्टची ही बटणासारखी बॅटरी घड्याळवाल्याकडेही मिळते.

लॅपटॉपवाल्यांनी गादीवर, उशीवर मशीन ठेवायची सवय सोडावी, हवा घेण्याची जाळी खालीच असते. कायम चार्जरवर असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमधून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा झाकण नीट मिटेना, तर आत बॅटरी फुगली आहे. लगेच बंद करा, चार्ज करू नका, दाबून बसवण्याचा प्रयत्न तर अजिबात नको.

विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. मशीन विंडोज ११ ला पात्र नसेल आणि काम ब्राउझर, टायपिंग, व्हिडिओ एवढंच असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघायला हरकत नाही. अपडेट नसलेल्या विंडोज १० वर बँकेचे व्यवहार तसेच चालू ठेवणं मात्र बरं नव्हे.

बॅकअपसाठी एक्स्टर्नल डिस्क घ्या, महिन्याला एकदा कॉपी करा आणि झाल्यावर ती काढून कपाटात ठेवा. कायम जोडलेली डिस्क खंडणीखोर व्हायरस (फाइल कुलूपबंद करून पैसे मागणारा) आणि विजेचा झटका दोन्हींत मशीनबरोबरच जाते. मोजक्या कागदपत्रांची एक प्रत गूगल ड्राइव्हवरही असू द्या.

आणि दुरुस्तीला मशीन द्यायची वेळ आलीच तर आधी हा बॅकअप घ्या, रॅम आणि डिस्कच्या लेबलांचे फोटो काढा, पावतीवर 'डेटा उडवू नये' असं लिहून घ्या. डिस्क बदलली तर जुनी डिस्क मागून घ्या. 'खराब आहे, काय करणार' असं म्हणाले तरी घ्या: त्यातले फोटो आणि पासवर्ड अजून वाचता येऊ शकतात.