सेन्सॉरला पिक्चर न्यायचाय? आधी तारीख लावू नका

पहिला पिक्चर करणाऱ्या पोरापोरींचे सारखे मेसेज येतात, दादा सेन्सॉरचं कसं करायचं, कुणी एजंट आहे का ओळखीचा. एजंटचं नंतर बघू, आधी बाकीचं नीट ऐका, कारण माझ्या डोळ्यांदेखत चांगले चांगले सीन गेलेत आणि त्यातले निम्मे तरी वाचवता आले असते.

तर सगळ्यात आधी, सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत रिलीजची तारीख जाहीर करू नका. पोस्टर लागलं, थिएटरं मिळाली, कलाकारांचे इंटरव्ह्यू सुरू झाले आणि शुक्रवार चार दिवसांवर असताना कळलं की अमुक तीन शब्द काढा, तर मग भांडणार कोण? निर्मात्याचा जीव टांगणीला लागलेला असतो, तो म्हणतो करून टाक बाबा. आमच्या एका फिल्मला हेच झालं, मी एडिटला होतो. ऊसतोडीवरची गोष्ट, त्यात आजी नातवाला म्हणते "ये रांडंच्या, आधी दोन घास खा", आता आमच्याकडं हे लाडानंच म्हणतात, त्यात शिवी कुणाला ऐकूपण येत नाही. घाईत आम्ही तो शब्द म्यूट केला. झालं काय, तर चुलीतला जाळ, बाहेरच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज, सगळंच त्या क्षणाला गप्प झालं आणि पडद्यावर नुसतं म्हातारीचं तोंड हलतंय. बघणाऱ्यांना वाटलं हिनं काहीतरी भयंकर घाण बोललंय! चूक आमचीच होती, आम्ही ना कुणाला काही विचारलं ना समजावून सांगितलं, नुसतं हो म्हणून आलो.

म्हणून फायनल मिक्सच्या वेळी डायलॉग, इफेक्ट्स आणि म्युझिक वेगवेगळे ठेवून घ्या आणि प्रत्येक लोकेशनचा मिनिटभराचा रिकामा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, म्हणजे उद्या शब्द काढावाच लागला तर मागचं वातावरण तरी जिवंत राहील. डबिंगला कलाकार आलेच आहेत तर पर्यायी शब्दही बोलून घ्या, पण ते ड्राइव्हवर पडू देत, पिक्चरमध्ये आधीच घालू नका. कुणीही न सांगता स्वतःच कापायची सवय लागली की ती लिखाणात उतरते, मी बघितलंय, पुढच्या स्क्रिप्टमधली आजी प्रमाणभाषा बोलायला लागते.

आता कायद्याकडं. सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ चा, आणि बोर्डाच्या नावातला 'सेन्सॉर' १९८३ मध्ये जाऊन तिथं 'सर्टिफिकेशन' आलं, आपल्या तोंडात अजून जुनंच आहे. सरकारची १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वं मात्र छापून घ्या आणि दोनतीनदा वाचा, कारण त्यातली अर्धी वाक्यं तुमच्या बाजूची आहेत. कलात्मक अभिव्यक्तीवर आणि सर्जनशील स्वातंत्र्यावर अवाजवी बंधन येऊ नये असं त्यात आहे, सर्टिफिकेशननं समाजातल्या बदलांना धरून चालावं असं आहे, आणि सिनेमा सुटा सुटा न बघता त्याचा एकूण परिणाम काय होतो ते बघून, कथेतला काळ आणि आजचं जग दोन्ही लक्षात घेऊन ठरवावं असंही आहे. सोबत काय दाखवू नये त्याची लांबलचक यादी आहेच, ती पण वाचा. यू, यूए, ए माहीत असतीलच, २०२३ च्या दुरुस्तीनं यूएचे ७+, १३+, १६+ असे तीन भाग झालेत आणि सर्टिफिकेट आता दहा वर्षांऐवजी कायमचं मिळतं.

एक फाइल बनवा. ज्या ज्या सीनवर बोट ठेवलं जाईल असं वाटतंय त्या प्रत्येकाला एक पान द्या. सीन कथेत का आहे, तो काढला तर पुढचं काय कळणार नाही, आणि शब्दावर प्रश्न असेल तर तो शब्द कुठं छापलाय. हे शेवटचं फार कामाला येतं. २०२५ मध्ये फुल्यांवरच्या हिंदी सिनेमातले जातींचे उल्लेख बदलायला लावले, त्याच वर्षी एका मराठी सिनेमातल्या नामदेव ढसाळांच्या कवितांवर आक्षेप आले, म्हणजे असे विषय करणाऱ्यांनी तयारीनंच गेलं पाहिजे. महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय राज्य सरकारच्या मंडळानंच छापलंय, त्यातलं पान समोर ठेवा. ढसाळांना १९९९ मध्ये पद्मश्री मिळालाय, तेही लिहा. ज्या कवीचा सरकारनं सन्मान केला त्याचीच ओळ पडद्यावर चालत नसेल तर का चालत नाही ते त्यांनी सांगावं, तुम्ही नम्रपणे विचारा पण विचाराच. मला या गोष्टीचा मनापासून त्रास होतो, ज्या शब्दांनी माणसं आयुष्यभर हिणवली गेली ते शब्द पुसले की पोरांना वाटणार तसं काही झालंच नव्हतं.

अर्ज ऑनलाइनच भरायचा, ई-सिनेप्रमाण पोर्टलवर. स्क्रिप्ट, गाण्यांचे शब्द, बैल-घोडा-कुत्रा काहीही असेल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी, सिगारेट-तंबाखू असेल तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्याच्या सूचना. थिएटरात दाखवायच्या ट्रेलरचं सर्टिफिकेट वेगळं घ्यावं लागतं, हे ऐनवेळी आठवतं लोकांना. कागदांत उणीव राहिली की दिवस जातात, आणि दिवस गेले की काय होतं ते वर सांगितलंच.

कमिटी पिक्चर बघते तेव्हा तुम्हाला आत बसू देत नाहीत, बाहेर थांबायचं आणि नंतर बोलावतात. त्या दिवशी दिग्दर्शकानं स्वतः जावं, एजंटला तुमच्या आजीबद्दल काय माहीत असणार. आवाज चढवू नका, फाइल काढा, एकेक सीन बोला. ज्याला कट म्हणतायत तिथं म्यूटऐवजी शब्द बदलून चालेल का, सगळ्याऐवजी शॉट थोडा आखडता येईल का, वरच्या वयोगटाचं सर्टिफिकेट घेतलं तर सीन राहील का, हे विचारा. आणि जे काही असेल ते लेखी घ्या, तोंडी "एवढं काढून टाका की" यावर काही करू नका.

ए सर्टिफिकेटला निर्माते घाबरतात त्याचं खरं कारण टीव्ही, ए असलेला पिक्चर टीव्हीवर लावता येत नाही आणि सॅटेलाइटचे पैसे बुडतात, म्हणून यूए मिळवायला स्वतःहून कापायला तयार होतात. पण २०२३ च्या दुरुस्तीत टीव्हीसाठी वेगळं सर्टिफिकेट घ्यायची सोय आहे. थिएटरात अख्खा पिक्चर ए घेऊन लावा, टीव्हीची कॉपी वेगळी करा. निर्मात्याला हे आकडे मांडून सांगा, भावनेवर नाही ऐकणार तो. रवी जाधवांचा 'न्यूड' २०१७ मध्ये गोव्याच्या इफ्फीतून, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातून, ऐनवेळी काढला होता, पुढं बोर्डानं तोच ए देऊन एकही कट न लावता पास केला.

कमिटीचं म्हणणं पटलं नाही तर रिव्हायझिंग कमिटी, म्हणजे पिक्चर परत बघणारी बोर्डाचीच दुसरी कमिटी, सगळे आरसी म्हणतात तिला. तिथंही नाही जमलं तर पूर्वी अपिलाचं ट्रिब्युनल होतं, ते २०२१ मध्ये बंद केलं, आता थेट हायकोर्ट. छोट्या मराठी निर्मात्याला वकिलाची फी झेपत नाही म्हणून ते ट्रिब्युनल जायला नको होतं, माझं स्पष्ट मत आहे. तरी मुंबई हायकोर्टाचा इतिहास वाचून धीर येतो. आनंद पटवर्धनांची 'वॉर अँड पीस' २००३ मध्ये तिथूनच कटशिवाय सुटली, 'उडता पंजाब'ला आरसीनं तेरा बदल सांगितले होते तिथं जून २०१६ मध्ये कोर्टानं एकच कट ठेवला आणि ४८ तासांत सर्टिफिकेट द्यायला सांगितलं. नाटकांचं परिनिरीक्षण मंडळ वेगळं, पण 'सखाराम बाइंडर'साठी कमलाकर सारंग याच कोर्टात गेले होते. या निकालांच्या प्रती तुमच्या फाइलमध्ये शेवटी लावा, आरसीच्या आधीच.

सर्टिफिकेट आलं की दुसरा भाग वाचा, त्यात काय काय काढलं ते लिहिलेलं असतं, तुमच्या अंतिम कॉपीशी ताडून बघा. त्यानंतर काहीही बदललं तर परत बोर्डाला कळवावं लागतं. आणि मग बाहेरच्या लोकांची तयारी, कारण २०२५ मध्ये 'मनाचे श्लोक' सर्टिफिकेट असूनही नावावरून बंद पाडला आणि नाव बदलून परत लावावा लागला. 'आरक्षण'च्या वेळी सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये सांगितलंय की बोर्डानं पास केलेला सिनेमा कायदा-सुव्यवस्थेचं कारण देऊन राज्याला थांबवता येणार नाही, सुव्यवस्था राखणं त्यांचं काम आहे. विषय नाजूक असेल तर रिलीजच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक थिएटरच्या हद्दीतल्या पोलीस स्टेशनला पत्र द्या, सोबत सर्टिफिकेटची आणि त्या निकालाची प्रत जोडा, आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोचीचा शिक्का घेऊन या.